भरती

मंगळवार आणि शुक्रवार. लाँच आठला सुटते,
म्हणजे साडेआठला.
चिलोएच्या धुक्यात मांडीवर माझी निळी पेटी,
आणि मीठपाण्याच्या दोन बाटल्या कोटाच्या आत, छातीशी.
गार पाणी ओतलं की जखम दचकते,
तासन् तास कामावर परतत नाही.
हे पुस्तकात वाचलं होतं.
पटलं ते रोसामेलच्या पायाने.

शिंपल्यांच्या शेतावर दोर सुटला, नडगीवर बसला.
बोटभर खोक. त्याने मासे पुसायच्या फडक्याने बांधली
आणि आठ आठवडे कुणाला बोलला नाही.
मी पहिल्यांदा सोडलं तेव्हा
वास आधी भेटला, माणूस नंतर.
नाक मुरडायचं नाही.
हात धुण्याइतकाच चेहराही शिकवावा लागतो.

आधी पावलावरची नाडी शोधायची.
रक्त खालपर्यंत पोचत नसेल
तर आवळलेली पट्टी म्हणजे फास.
सापडली. हट्टी, त्याच्यासारखीच.
मग मोजायचं: लांबी, रुंदी, खोली.
तळाशी पिवळा बुळबुळीत थर,
कडा भिजून पांढुरक्या.

"उघडी ठेव, वाळू दे," अख्खं बेट हेच सांगतं.
पण नवं कातडं कोरड्यावरून चालत येत नाही,
त्याला ओल लागते.
फार नाही,
ओठांवर असते तेवढी.

चौथ्या आठवड्यात पट्टीच्या आत हिरवा डाग.
हिरवं दिसलं की मला एक जंतू आठवतो,
पोटात गोळाच येतो.
वाकून वास घेतला.
पाला. मातिकोचा पाला!
माझी आई आमच्या गुडघ्यांवर बांधायची तोच.
उबेर्लिंदा चुलीकडे बघत होती, फार लक्ष देऊन.
रोज रात्री ती नवऱ्याचा पाय सोडायची, पान ठेवायची,
आणि माझ्याहून सफाईने पुन्हा बांधायची.

मी रागावले नाही.
खोटं. रागावले, पेटी आवरताना, झाकणावर.
लाँचमध्ये परतताना सुचलं,
हातांना काम नसलं की ते रात्री काम शोधतात.

शुक्रवारी तिला साबण दिला, चाळीस सेकंद मोजायला लावले,
आणि हातात काळं पेन.
जखमेवर पारदर्शक फिल्म धरायची, काठ गिरवायचा,
तारीख टाकायची. वरचा थर तिचा, खालचा फेकायचा.
शाळा तिसरीत सुटलेली, पण रेघ अशी
की नकाशे काढत जन्म गेला असावा.

खिडकीच्या काचेवर तिने ते एकाखाली एक चिकटवले.
उजेड आला की दिसायची बेटं,
दर आठवड्याला किनारा थोडा आत सरकलेला.
"जखम भरते म्हणतेस ना," ती म्हणाली,
"मग ही भरतीच."

तळ लाल झाला, दाणेदार, रासबेरीसारखा.
याला पुसायचं नाही, याला फक्त झाकायचं.
रोज एक अंडं, मासा, पाय उशीवर.
ऑगस्टात मात्र बेट मोठं झालं. ताप, लाली, गोळ्या.
ती फिल्म तिने पावाच्या फडक्याखाली लपवली.
"लाव," मी म्हटलं. "ओहोटीही लागते."
तिने लावली, जरा तिरपी.

कडांवरून जांभळट पातळ कातडी आली,
दुधावर साय धरते तशी, न बोलता.
रोसामेलने विचारलं, आता दोर ओढू?
ओढ, पण ऐक:
वर्ष गेलं तरी ही आतल्या आत गाठी मारत राहील,
आणि तरीही सोळा आण्यांतले तेराच परत मिळतील.
तेरा पुष्कळ झाले, तो म्हणाला,
आणि बूट शोधायला गेला.

नोव्हेंबरचा शेवटचा मंगळवार. तिने फिल्म धरली,
पेन टेकवलं, उचललं.
गिरवायला काही नव्हतं.
तारीख टाकली, खाली लावली.
तिच्यातून सरळ समुद्र दिसत होता,
आणि माझी लाँच,
जिला आज वेळेवर सुटायचं होतं.